सातव्या देवीला कॉफी

मैसुरातल्या त्या कचेरीत भिंतीवर घड्याळ होतं, पण सकाळी त्याच्याकडे कोणी बघत नसे. सातव्या देवीला कॉफीला उठायचं, अकराव्या देवीला जागेवर यायचं आणि चौदावी देवी गेली की कामाला लागायचं, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मंड्याहून दोन बसगाड्या बदलून येणारी पुष्पलता दारातूनच धापा टाकत विचारायची, "कितवी चाललीय?"

"नववी. बसा अक्का, दम खा," कोणीतरी सांगायचं, आणि ती खरोखरच बसून दम खायची.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही मंडळी कोड लिहीत त्याचं नाव लांबलचक आणि परदेशी होतं, म्हणून सगळे त्याला नुसतं अवजार म्हणत. सकाळी पहिला येणारा सगळ्यांची अवजारं चालू करून ठेवी, आणि ती उघडायला एकोणतीस मिनिटं घेत. तेवढ्या वेळात पडद्यावर चामुंडेश्वरीच्या चौदा तसबिरी एकामागून एक येत, प्रत्येकी दोन मिनिटं. चौदा देव्या म्हणजे चौदा दसरे. दर आयुधपूजेला कचेरीतलं कोणी ना कोणी त्या वर्षीची देवी अवजारात बसवी, आणि आधीची काढत नसे. देवी काढायची म्हणजे काय करायचं, हेच कोणाला माहीत नव्हतं. शिवाय रात्री सगळी यंत्रं बंद करायची, असा हॉलंडातल्या मुख्य कचेरीचा वीज वाचवायचा दंडक होता. त्यामुळे देवीदर्शनाचा डोंगर रोज पहिल्या पायरीपासून चढावा लागे.

कचेरीचा धंदा म्हणाल तर हॉलंडातल्या गोठ्यांमध्ये दूध काढणाऱ्या यंत्रांना अक्कल पुरवण्याचा. चौतीस माणसं हे काम करत, आणि त्यांतल्या एकानंही हॉलंडातली गाय पाहिलेली नव्हती. नंजुंडय्या बावीस वर्षं तिथे होते. त्यांतली अकरा वर्षं त्यांनी मागच्या डाव्या सडाचा कोड सांभाळला. यंत्राला तो सड अंधारातसुद्धा सापडे, ही त्यांची कमाई. यंदा उगादीनंतर ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं, कारण आता चारही सड एकच कोड बघणार होता, आणि तो कोड दुसऱ्याच कोणीतरी लिहिला होता.

साहेब होते बोपय्या. कोडगूचे, म्हणजे कूर्गकडचे, अडतीस वर्षांचे, स्वभावानं सज्जन. वाईट बातमी सांगताना ते खिडकीतून बाहेर बघत, म्हणून त्यांनी खिडकीकडे मान वळवली की समोरचा माणूस आपोआप खुर्चीत सावरून बसे.

"सार, तुमच्यासाठी नवं काम आहे. खास."

"बरं."

"अवजार उघडायला इतका वेळ का लागतो ते शोधायचं. दोन मिनिटांच्या आत आणायचं. आयुधपूजेपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

बोपय्यांनी खिडकीकडे मान वळवली. बाहेर एक माणूस गुलमोहराला पाणी घालत होता. "सार, तुमची खुर्ची कशासाठी आहे, असं मुख्य कचेरी विचारतेय. मी हे कारण दिलंय. दुसरं माझ्याकडे नाही."

नंजुंडय्या "बरं" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. त्यांना काही वाटलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला नसल्यासारखा होतो, तसं त्यांचं गेली काही वर्षं सगळंच झालं होतं. पायाला निदान नंतर मुंग्या येतात. यांच्या मुंग्यासुद्धा येऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी घरी भाग्यम्मांनी विचारलं, "निवृत्तीला किती राहिली तुमची?"

"तीन वर्षं."

"मग तीन वर्षं काढा. घरी बसलात तर दिवसभर पंखा लावून ठेवाल."

दुसऱ्या दिवसापासून नंजुंडय्या कामाला लागले. अवजार उघडायचं, वेळ टिपायची, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. दिवसाला सोळा वेळा होई. एकोणतीस मिनिटं चार सेकंद. एकोणतीस मिनिटं दोन सेकंद. एकोणतीस मिनिटं सहा सेकंद. कॉफीला जाणारे जाता जाता डोकावत.

"काय सार, आज किती?"

"एकोणतीस."

"वा. म्हणजे तब्येत ठीक आहे तिची."

दिवसाला सोळा वेळा चौदा देव्यांचं दर्शन. मैसुरात एवढं पुण्य त्या महिन्यात दुसऱ्या कोणी जोडलं असेल असं वाटत नाही. नंजुंडय्यांना त्याचंही काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांना कारण सापडलं. बघितलं असतं तर कोणालाही सापडलं असतं, पण कचेरीतल्या प्रत्येकाची समजूत अशी होती की अवजार सावकाश उघडतं, आणि तेवढा वेळ माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून देवी दर्शन देते. प्रत्यक्षात अवजार मिनिटभरात तयार होई. बाकीची अठ्ठावीस मिनिटं देवीच घेत होती.

त्यातही गंमत अशी की पहिली देवी खुद्द नंजुंडय्यांनी बसवली होती. चौदा वर्षांपूर्वी, एका दुपारी, दोन तासांत. त्या वेळच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात मैसूरपाक घातला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बावीस वर्षांत त्यांनी केलेलं आणि माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं एकच काम. सड पाहिला तो फक्त यंत्रानं.

तसबीर तेव्हा एका जुन्या सर्व्हरवर ठेवली होती. तो सर्व्हर संथ होता, म्हणून नंजुंडय्यांनी कोडात लिहून ठेवलं, की सर्व्हरकडे तसबीर माग, दोन मिनिटं थांब, तोवर जवळची प्रत दाखव. आणि तो सर्व्हर कर्मचारी क्रमांक असल्याशिवाय कोणाला दारात उभं करत नसे, म्हणून देवीला नोकरीवर घेतलं. चामुंडेश्वरी, कर्मचारी क्रमांक एकशे एक. सर्व्हर त्याच वर्षी भंगारात गेला. देवीचा क्रमांक राहिला. चौतीस माणसांच्या कचेरीची यादी तेव्हापासून पस्तीस नावांची होती. नाताळात हॉलंडहून तिच्या नावानं शुभेच्छापत्र येई, ते पुष्पलता देवीच्या फोटोमागे खोचून ठेवी. दर मार्चमध्ये तिच्या वर्षभराच्या कामावर कोणा परक्या देशातल्या माणसाचा शेरा येई, 'समाधानकारक'.

पुढे ज्यांनी ज्यांनी देव्या बसवल्या, त्यांनी नंजुंडय्यांच्या कोडाचीच नक्कल करून साल आणि तसबीर तेवढी बदलली. थांबायची दोन मिनिटं सगळ्यांनी इमानानं उतरवून घेतली. म्हणजे गेली चौदा वर्षं, रोज सकाळी, दसऱ्यागणिक एक वाढत, देव्या पाळीपाळीनं एका भंगारात गेलेल्या यंत्राच्या दाराशी दोन-दोन मिनिटं उभ्या राहत होत्या, कारण नंजुंडय्यांनी तसं सांगितलं होतं.

त्यांनी वही मिटली. पाचव्या दिवशी पुन्हा उघडून वेळ टिपली. एकोणतीस मिनिटं तीन सेकंद.

असे तीन महिने गेले. गणपती आले, गेले. नवरात्र आठवड्यावर आलं तेव्हा त्यांनी पुष्पलतेला एकदा विचारून पाहिलं. तिची खुर्ची त्यांच्या पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे गेली नऊ वर्षं दोघं एकमेकांचं तोंड न बघता बोलत.

"पुष्पलता, समजा देव्या काढल्या तर?"

"कुठून?"

"अवजारातून."

"आणि टाकणार कुठे?"

नंजुंडय्यांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं.

"अय्यो सार, त्या डब्यात?" तिनंही वळून तेच चित्र पाहिलं असावं. "आमच्याकडे जुनं कॅलेंडर फाटलं तरी देवीचा भाग कापून नदीत सोडतात. आणि चौथी माझी आहे. रांगोळीची. दोन दिवस गुडघ्यांवर बसून काढली होती, मग फोटो. तेव्हापासून गुडघा बोलतोय."

"सहज विचारलं."

"असं सहज विचारू नका, सार. लोक बस चुकवून येतात देवीच्या भरवशावर."

पूजेचं सामान ठरवायला जोईस आले ते सप्तमीला, स्कूटरवरून. कचेरीची पूजा हेच सांगत. फुलं, कुंकू, कोहळा अशी यादी झाली, तेव्हा नंजुंडय्या त्यांना जिन्यापाशी बाजूला घेऊन गेले.

"जोईस, यंत्रातली देवी उठवायची असेल तर काय करायचं?"

जोईसांनी दचकल्यासारखं काही केलं नाही. चाळीस वर्षांत त्यांना याहून चमत्कारिक प्रश्न आले असतील. "प्राणप्रतिष्ठा केली होती?"

"नाही."

"मग नुसतं चित्र आहे. पुसा."

"पण दर वर्षी तुम्ही यंत्रासमोर मंत्र म्हणता. यंत्र चालू असतं. तीही आत असते."

जोईस जिन्याच्या कठड्याला टेकले. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. किती आहेत?"

"चौदा."

"चौदा!" त्यांनी उपरण्यानं मान पुसली. "बरं. उत्तरपूजा करा. अक्षता टाका, मूर्ती चार बोटं उत्तरेला सरकवा आणि 'पुनरागमनाय च' म्हणा. झालं."

"मूर्ती नाही. यंत्रातली उत्तर कुठे शोधू?"

"मग यंत्रच सरकवा. तिला काय कळायचं ते कळेल. आणि चित्रं पुसण्याआधी मला कशात तरी भरून द्या, माझ्या देवघरात राहतील. डब्यात टाकू नका." स्कूटरला किक मारता मारता ते म्हणाले, "मंत्र विसरू नका हं. तो म्हटला की ती परत येते. नाही म्हटला तर गेली ती गेली."

अष्टमीला संध्याकाळी सहाला कचेरी रिकामी झाली. सगळ्यांच्या अवजारांना देव्या पुरवणारं मुख्य यंत्र कोपऱ्यात होतं. नंजुंडय्यांनी चौदाही देव्या करंगळीएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये भरल्या, यंत्रावर चार अक्षता टाकल्या आणि चामुंडीचा डोंगर कोणत्या खिडकीत आहे ते बघून उत्तर ठरवली, कारण डोंगर दक्षिणेला आहे हे मैसुरात सगळ्यांना ठाऊक. यंत्र चार बोटं सरकवलं. मग मंत्र म्हटला आणि पुसायला सुरुवात केली. चौदावी, तेरावी, बारावी. रांगोळीची चौथी. शेवटी स्वतःची पहिली. काही वाटतंय का, म्हणून ते क्षणभर थांबले. वाटलं नाही. मग त्यांनी अवजार उघडलं. एक मिनिट एक सेकंद. वहीत टिपताना हात सवयीनं एकोणतीस लिहायला गेला.

नवमीला कचेरी झेंडूच्या माळांत होती. प्रत्येक यंत्राला कुंकवाचं बोट लागलं, लिफ्टलाही लागलं, कॉफीच्या यंत्रालाही. दारात कोहळा फुटला. बोपय्यांनी हातात लॅपटॉप धरला होता आणि त्यात हॉलंडातली एक बाई हसत सगळं बघत होती. जोईसांनी खूण केली आणि चौतीस जणांनी एकदम आपापली अवजारं चालू केली.

इथून पुढची एकोणतीस मिनिटं म्हणजे खरा सण. अवजार जागं होतंय तोवर गाणं व्हायचं, चुरमुरे-डाळं वाटलं जायचं, नव्या लुगड्यांचे भाव विचारले जायचे. चौदावी देवी गेली की अवजाराला नमस्कार करायचा आणि घरी जायचं. त्या दिवशी आयुधांनी काम करायचं नसतं.

पुष्पलतेनं गाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि अवजार उघडलं.

चौतीस पडदे एकदम पांढरे झाले. चौतीस माणसं ओंजळीत चुरमुरे घेऊन त्यांच्याकडे बघत उभी राहिली. लॅपटॉपमधल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. "इतकं झटपट! छानच. मग आता कामाला लागता येईल, नाही का?"

 उघडलेल्या अवजारापुढे नुसतं उभं राहायची कोणाला सवय नव्हती. एकेक जण खाली बसला. चुरमुरे कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून ते खिशात गेले.

"देवी कुठे गेली?" कोणीतरी हळूच विचारलं, आणि सगळ्या माना नंजुंडय्यांकडे वळल्या.

"जोईसांकडे आहेत. सगळ्या सुखरूप आहेत."

"चौथीसुद्धा?" पुष्पलतेनं विचारलं.

"चौथीसुद्धा."

ती वळली आणि तिची पाठ पुन्हा त्यांच्या पाठीला आली. 

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर बोपय्यांनी बोलावलं. या वेळी त्यांचं तोंड सरळ समोर होतं, म्हणून नंजुंडय्या आरामात बसले.

"सार, खुर्ची राहिली तुमची. मुख्य कचेरी खूश आहे."

"बरं."

"फारच खूश आहे." आणि बोपय्यांनी खिडकीकडे मान वळवली. "त्यांनी हिशेब केलाय. चौतीस माणसं, रोज अठ्ठावीस मिनिटं. नऊशे बावन्न मिनिटं वाचली. म्हणजे सोळा तास. म्हणजे दोन माणसं. दोन माणसं जास्त झालीत आपल्याकडे."

नंजुंडय्यांनी मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.

"दोन नावं द्यायची आहेत. तुम्ही सगळ्यांना ओळखता. शुक्रवारपर्यंत."

"मी?"

"तुम्ही सोडून, सार. तुम्ही आता उपयोगी माणूस. आणि एक नाव तर..." गुलमोहराखाली आज कोणी नव्हतं, तरी बोपय्या तिकडेच बघत राहिले. "पुष्पलता मॅडम रोज वीस मिनिटं उशिरा येतात म्हणे. अवजार उघडल्यावर कोण कधी कामाला लागलं ते तिकडे दिसतं. आधी दिसत नव्हतं."

आधी कसं दिसणार? आधी देवी चाललेली असे.

तो आठवडा कचेरीत फार शांत गेला. लोक यायचे, अवजार उघडायचे, कामाला लागायचे. कॉफीचं यंत्र थंड असायचं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला दोघं-तिघं उगीच उठत आणि कितवी चाललीय ते न कळल्यामुळे पुन्हा बसत. पुष्पलता धापा टाकत येई आणि दारात काही न विचारता येऊन बसे. दम मात्र आता तिला कामाच्या वेळात खावा लागे.

गुरुवारी त्यांच्या पाठीमागून आवाज आला. "नावं तुम्ही देणार म्हणे, सार."

"हो."

"माझं द्या."

नंजुंडय्यांनी यादी पुढ्यात ओढली.

"नाही, खरंच द्या. चौदा देव्या उठवल्यात, मी काय त्यांच्याहून मोठी? मला निदान चार बोटं सरकवावं तरी लागणार नाही. आधीच कडेला बसलेय."

"यादी बघतोय," ते म्हणाले, आणि खरोखरच बघत होते. यादीत पस्तीस नावं होती. त्यांनी ती दोनदा वरून खाली वाचली. मग एका कोऱ्या कागदावर एक नाव लिहिलं. दुसरं लिहिताना पेन जरा अडखळलं आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी हात झटकला आणि नाव पुरं केलं.

शुक्रवारी बोपय्यांनी कागद वाचला, पालथा घातला, उलटून पुन्हा वाचला.

"सार, हे पहिलं नाव..."

"चामुंडेश्वरी, क्रमांक एकशे एक. चौदा वर्षं रोज हजर होती. नवमीपासून तिला काही काम नाही. नियमात बसतं."

"मुख्य कचेरी विचारेल ना, कोण म्हणून!"

"चौदा वर्षांत विचारलं नाही. शेरासुद्धा देतात."

बोपय्यांच्या तोंडून हसू फुटायला आलं होतं, पण त्यांची नजर दुसऱ्या नावावर गेली आणि ते तिथेच राहिलं. "आणि हे कशाला? तुमची खुर्ची मी राखली होती, सार. सहा महिने पत्रं लिहीत होतो."

"ठाऊक आहे. पण दोन नावं मागितलीत ना? त्या वाचलेल्या सोळा तासांत आम्ही दोघंच होतो. ती उभी होती, मी मोजत होतो. आता दोन्ही बंद आहे."

बोपय्यांनी कागदाची घडी घातली. "आमच्या कोडगूत सणाला बंदुकीची पूजा करतात," ते म्हणाले. "लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, शिकार तर कधीच बंद झाली, मग बंदूक कशाला पुजायची? ते म्हणाले, घरात आहे म्हणून." मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

चार दिवसांत हॉलंडहून उत्तर आलं. दोन्ही नावं मंजूर. दोघांच्या दीर्घ आणि निष्ठावंत सेवेबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. श्रीमती चामुंडेश्वरी यांनी चौदा वर्षांत एकही रजा घेतली नाही, याची खास नोंद केली होती. नंजुंडय्यांच्या पत्रात तशी नोंद नव्हती. त्यांनी घेतल्या होत्या.

दोन्ही पत्रं त्यांनी घरी नेली. भाग्यम्मांनी चष्मा लावून आधी देवीचं वाचलं, हात जोडले, देवघरात ठेवलं. मग नवऱ्याचं वाचलं आणि ते कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरलं.

"पंखा बंद ठेवीन," नंजुंडय्या म्हणाले.

"ठेवा लावून," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेवटच्या दिवशी पुष्पलता पहिली बस धरून वेळेवर आली होती. तिनं घरून थर्मासमधून कॉफी आणली होती आणि दोन पेल्यांत निम्मी निम्मी ओतली. दोघांनी ती पाठीला पाठ लावूनच घेतली. यादीतलं पहिलं नाव कोणाचं होतं ते एव्हाना सगळ्या कचेरीला कळलं होतं. त्यावर ती फक्त म्हणाली, "गुडघा बरा आहे आता." तो बरा नव्हता हे तिच्या उठण्याबसण्यातून दिसत होतं.

सहा वाजता नंजुंडय्यांनी अवजार बंद केलं. डबा पिशवीत टाकला, वही टाकली. मग उठले, खुर्चीच्या पाठीला धरून ती चार बोटं उत्तरेला सरकवली आणि पिशवी खांद्याला अडकवली.

पुष्पलता वळून बघत होती. नऊ वर्षांत त्यांनी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"सार," ती म्हणाली, "मंत्र राहिला."

"तो परत यायचं असेल तर म्हणायचा," नंजुंडय्या म्हणाले आणि दिवा घालवायला दाराकडे गेले. मग ती अजून आत बसली आहे हे लक्षात आल्यावर, दिवा तसाच ठेवून जिना उतरले.